झेव्हियस कंटाळवाणा का वाटतो, आणि तो नीट कसा खेळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नामको कंपनीचा ‘झेव्हियस’ हा १९८२-८३च्या हिवाळ्यात जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेमच्या दुकानांत आलेला, खालून वर सरकत जाणारा विमानाचा गेम. त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, या जातीच्या सगळ्या गेमांचा पाया इथेच घातला गेला. काहींना तो करडा, सपाट आणि एकसुरी वाटतो: हत्यार वाढत नाही, शेवट येत नाही, तेच तेच चालू राहतं. यातलं खरं कुठलं, आणि आज खेळायचाच असेल तर कसा खेळावा?

मला दोन्ही मतं प्रामाणिक वाटतात, पण ती एकाच गेमबद्दलची नाहीत. ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्यांचा खेळ नीट पाहिला तर बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. हवेत गोळ्या मारायचं बटण दाबून धरलेलं असतं आणि बॉम्बचं बटण आठवण झाली की दाबलं जातं. असं खेळलं तर झेव्हियस खरोखरच पातळ लागतो, कारण त्याचा निम्म्याहून जास्त जीव जमिनीवर आहे.

हे गुणांच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. सुरुवातीला येणारी गोल चकती म्हणजे टोरॉइड, तिचे ३० गुण. टॉर्कनचे ५०, झोशीचे ७०. आता जमिनीवर या. नुसता उभा असलेला, कधीही गोळी न मारणारा पिरॅमिड म्हणजे बार्रा, त्याचेसुद्धा १०० आहेत. घुमट उघडून गोळी मारणाऱ्या लोग्रामचे ३००, रस्त्यावरून फिरणाऱ्या डोमोग्रामचे ८००, सतत गोळ्या ओकणाऱ्या डेरोटाचे १०००. एक डेरोटा फोडला की ३३ टोरॉइडांपेक्षा जास्त मिळतात. गेम कुठे खेळायचा आहे हे बनवणाऱ्यानेच सांगून ठेवलंय.

बनवणारा म्हणजे मासानोबू एंडो. पुढे १९८४मध्ये ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ही त्यानेच केला. १९८१मध्ये कोनामीच्या ‘स्क्रॅम्बल’ने गोळी आणि बॉम्ब अशी दोन हत्यारं दिली होती आणि तो जोरात चालला होता. नामकोलाही तसाच दोन बटणांचा गेम हवा होता. सुरुवातीची कल्पना व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरची होती. एंडोच्या हातात आल्यावर तिचं विज्ञानकथेत रूपांतर झालं. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण एवढंच की दोन हत्यारं ही झेव्हियसमधली सजावट नाही. सगळा गेम त्यांच्याभोवती उभारलेला आहे. तुमच्या विमानाचं नाव सोल्व्हालू. त्याचा झॅपर फक्त हवेतल्या शत्रूंना लागतो आणि ब्लास्टर, म्हणजे बॉम्ब, फक्त जमिनीवरच्यांना. एकाचं काम दुसरा कधीच करत नाही.

आता विमानाच्या पुढे ठरावीक अंतरावर तरंगणारी नेमाची खूण पाहा. ही खूण समजली की अर्धा गेम हातात आला. ती विमानाला बांधलेली आहे: विमान डावीकडे तर खूण डावीकडे, विमान पुढे तर खूण पुढे. मधलं अंतर कमीजास्त होत नाही. जमिनीवरचं लक्ष्य तिच्याखाली आलं की ती लाल लुकलुकते, आणि तीच बॉम्ब सोडायची वेळ. बटण दाबल्यावर बॉम्ब लहान लहान होत खाली जातो, आणि तो फुटेपर्यंत दुसरा सोडता येत नाही. नवशिक्यांची फजिती होते ती इथे. घाईघाईत बटण बडवलं की पहिला बॉम्ब लक्ष्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे सुटतो. तो हवेत असेपर्यंत तुमचा हात रिकामा असतो, तेवढ्यात जमीन खाली सरकते आणि डेरोटा तुमच्या बाजूला येऊन गोळ्या मारायला लागतो. म्हणून नियम सोपा ठेवा: खूण लाल झाली नाही तर बटण दाबायचं नाही. एक लक्ष्य, एक बॉम्ब.

यावरून विमान पडद्यावर कुठे ठेवायचं तेही ठरतं. बहुतेक लोक तळाला चिकटून खेळतात, कारण तिथे समोरचं सगळं दिसतं आणि सुरक्षित वाटतं. पण विमान तळाला असलं की खूणही खालीच राहते. जमिनीवरचा तोफखाना वरच्या कडेला दिसल्यापासून खुणेखाली येईपर्यंत त्याला गोळ्या मारायला भरपूर वेळ मिळतो. विमान जरा वर नेलं की तोच डेरोटा पडद्यावर आल्या आल्या खुणेखाली सापडतो. याची किंमत अशी की हवेतून येणाऱ्यांसाठी तुमच्याकडे वेळ कमी उरतो. त्यामुळे चांगला खेळाडू एका जागी राहत नाही. जमिनीवर गोळी मारणारं काही दिसलं की वर चढतो, बॉम्ब सुटला की परत पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरतो. हे वरखाली करणं हीच झेव्हियसची लय. ती अंगात मुरली की गेम एकदम बोलायला लागतो.

अगदी तळाला राहू नये याला आणखी एक कारण आहे. झोशी कुठूनही येतात, मागूनसुद्धा. विमान खालच्या कडेला टेकलेलं असेल तर मागून आलेल्या झोशीला चुकवायला जागाच नसते. विमानाच्या एकदोन उंचीएवढं अंतर खाली सोडून ठेवा.

गोळ्या चुकवताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. नेम धरून मारलेली गोळी तुम्ही त्या क्षणी जिथे होता तिकडे निघते, ती तुमच्या मागे वळत नाही. म्हणजे पळापळ करायची गरज नाही, एका दिशेने थोडं थोडं सरकत राहिलं की पुरतं. घाबरून पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्याला वाटेत दुसऱ्याच गोळ्या लागतात. डावीकडून हळूहळू उजवीकडे जा, गोळ्या मागे पडू द्या, मग परत या. कोपऱ्यात मात्र अडकू नका, कारण तिथे सरकायची एक बाजू आपोआप बंद होते.

हवेतल्या शत्रूंचे स्वभाव वेगवेगळे आहेत आणि ते ओळखायला फार दिवस लागत नाहीत. टोरॉइड समोरून येतो आणि तुमच्या रेषेत आला की बाजूला वळून निघून जातो. त्याच्या मागे धावाल तर गोळी नेहमी उशिरा पोचेल. तो येणार त्या जागी आधीच गोळ्या सोडायच्या. झाकातो हा एकाएकी उगवणारा गोळा. एक गोळी मारतो आणि नाहीसा होतो. तो उगवला की आधी सरका, मारायचं नंतर बघा. काळा मोठा गारू झाकातो मात्र वेगळं प्रकरण आहे. तो खाली उतरून फुटतो आणि गोळ्यांचं कडं चारी बाजूंना फेकतो. वरच्या भागात असतानाच त्याला उडवला तर १००० गुण मिळतात. जवळ येऊ दिलात तर फटीतून निसटणं नशिबावर. पुढच्या टप्प्यांत येणारे कापी आणि तेर्राझी अंगावर धावून येतात, गोळ्या मारतात आणि मागे वळतात. एका तेर्राझीचे ७०० गुण आहेत, तेव्हा तो किती त्रास देतो हे वेगळं सांगायला नको.

आणि बाकुरा. पडद्यावरून गोल गोल फिरत खाली येणाऱ्या त्या चकचकीत फरश्या. गोळी लागली की टण्णकन आवाज येतो आणि काहीही होत नाही. २५६ गोळ्या मारल्या की बाकुरा फुटतो, ही अफवा जपानमध्ये त्या काळी पसरली आणि आजही कोणीतरी ती खरी म्हणून सांगतं. मूळ आर्केड गेममध्ये बाकुरा फुटत नाही. उलट त्याला मारण्यात नुकसान आहे, कारण त्याच वेळी येणाऱ्या दुसऱ्या शत्रूंवर जायला हव्यात त्या गोळ्या फरशीवर वाया जातात. बाकुरा सरळ खाली येतात, अंगावर वळत नाहीत. दोन फरश्यांमधली फट दुरूनच हेरायची आणि तिच्याखाली आधीच जाऊन थांबायचं. शेवटच्या क्षणी फट बदलायला जाणारेच मरतात.

‘तेच तेच चालू राहतं’ या तक्रारीबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे झेव्हियसवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. जमिनीची रचना ठरलेली आहे, ते खरं. पण हवेतून कोण येणार हे तुमच्या खेळावर ठरतं. तुम्ही न मरता जितके पुढे जाल तितक्या कडक टोळ्या येतात. जीव गेला की पातळी खाली येते. म्हणजे पहिल्या टप्प्यांत पुन्हा पुन्हा मरणाऱ्याला टोरॉइड आणि टॉर्कनच दिसत राहतात, आणि तो म्हणतो की गेममध्ये काही नाही. जो टिकून राहतो त्याला वेगळाच गेम दिसतो. १९८३च्या आसपास, खेळणाऱ्याच्या हाताप्रमाणे कठीण होत जाणारा गेम ही मोठी गोष्ट होती.

या यंत्रणेला हात घालायचं साधनही गेमने दिलं आहे आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसतं. जमिनीवर झोल्बाक नावाचा एक घुमट दिसतो. तो गोळी मारत नाही, गुण फक्त २००. त्यामुळे लोक त्याला सोडून पुढे जातात. पण झोल्बाक म्हणजे शत्रूचा टेहळणी नाका आहे. तो फोडला की हवेतल्या टोळ्यांची पातळी उतरते. टिकायचं असेल तर दिसेल तो झोल्बाक फोडा, इतर लक्ष्यं सुटली तरी चालतील. गुणांच्या मागे असाल तर विचार उलटा करावा लागतो. पातळी उतरली की तेर्राझीसारखे भरघोस गुणांचे शत्रूही येईनासे होतात, म्हणून पक्के खेळाडू कुठला झोल्बाक फोडायचा आणि कुठला मुद्दाम सोडायचा हे ठरवून खेळतात. २०० गुणांच्या एका घुमटावर एवढा निर्णय टेकलेला आहे, आणि याच गेमला लोक सपाट म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नकाशाबद्दल आता. एकूण १६ टप्पे आहेत, आणि ते सगळे एकाच मोठ्या नकाशाच्या वेगवेगळ्या उभ्या पट्ट्या आहेत. दोन टप्प्यांच्या मध्ये दाट जंगल येतं; हिरवा पट्टा दिसला की टप्पा संपला असं समजा. सोळावा संपल्यावर गेम पुन्हा सातव्या टप्प्यावर जातो आणि तिथून फिरत राहतो. सातव्यात जमिनीवर पेरूच्या नाझ्का पठारावरच्या रेषांसारखा प्रचंड पक्षी कोरलेला दिसतो. पहिल्यांदा तो खालून सरकत गेला की हात बटणावरून सुटतो, इतकं ते चित्र देखणं आहे. शेवट नाही ही तक्रार मला मान्य आहे. ज्यांना गोष्ट संपलेली पाहायची असते त्यांचं समाधान इथे होणार नाही.

मरण्याचा नियमही समजून घ्या. टप्प्याचा साधारण ७० टक्के भाग पार केल्यावर मेलात तर पुढचा जीव पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीपासून मिळतो. त्याआधी मेलात तर त्याच टप्प्याच्या सुरुवातीपासून. तेव्हा टप्प्याचा पहिला दोनतृतीयांश भाग सांभाळून खेळा, तिथला जीव महाग पडतो. शेवटच्या भागात धोका पत्करून मोठी लक्ष्यं फोडायला हरकत नाही. एखाद्या टप्प्यावर सारखे अडकत असाल तर सगळा टप्पा जिंकायचं ध्येय ठेवूच नका. ७० टक्क्यांपर्यंत पोचा, बस.

अँडॉर जेनेसिस हे मोठं अष्टकोनी जहाज पहिल्यांदा चौथ्या टप्प्यात येतं. पडद्याची बरीच जागा ते एकटं व्यापतं. मधोमध त्याचा गाभा असतो आणि भोवती गोळ्या मारणाऱ्या चार तोफा. ते हवेत तरंगत असलं तरी झॅपर त्याचं काही वाकडं करत नाही, बॉम्बच लागतो. घाबरून आधी तोफा फोडत बसणं ही नेहमीची चूक. तोफेचे प्रत्येकी १००० गुण मिळतात हे खरं, पण तितका वेळ जिवंत राहायला हवं. सुरुवातीला एवढंच करा: जहाज खाली उतरू लागलं की लगेच त्याच्या मध्यरेषेत या, नेमाची खूण बरोबर गाभ्यावर बसवा आणि एक बॉम्ब सोडा. गाभ्यावर एक बॉम्ब नीट बसला की ४००० गुण आणि काम फत्ते. गाभा निसटून वर उडून जातो, सगळं जहाज काळवंडतं, आणि इतका वेळ घोंगावणारा आवाज थांबतो. चांगला सराव झाल्यावर आधी तोफा आणि शेवटी गाभा असा क्रम धरा.

असाच क्रमाचा प्रश्न बोझा लोग्रामचा आहे. पाच घुमटांचा गुच्छ, चार कडेला आणि एक मध्ये. मधला आधी फोडला तर २००० गुण आणि सगळा गुच्छ एका झटक्यात संपतो. कडेपासून सुरुवात केली तर बॉम्ब जास्त, वेळ जास्त आणि गुण कमी. ग्रोब्दा हे रणगाडे आणखी चकवतात: काही जागीच उभे असतात, काही बॉम्ब सुटला की हलतात. त्यांच्यासाठी एकच सूत्र सांगता येत नाही, कुठला कुठे काय करतो हे पाठच करावं लागतं. या रणगाड्यांवर नामकोने १९८४मध्ये वेगळा गेमही काढला.

आता लपलेल्या गोष्टी. रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीखाली सोल नावाचे बुरूज दडलेले आहेत. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण नेमाची खूण त्यांच्यावरून गेली की लाल होते. पहिला बॉम्ब टाकला की बुरूज जमिनीतून वर येतो, २००० गुण. दुसऱ्या बॉम्बने तो फुटतो, आणखी २०००. म्हणजे पाच सोल पुरे फोडले की २०,००० गुण, आणि यंत्राच्या नेहमीच्या मांडणीत पहिलं जादा विमान २०,०००वरच मिळतं. दुसरं ६०,०००वर आणि पुढे दर ६०,०००ला. आतल्या स्विचने हे आकडे बदलता येतात, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरचे गुण आपल्याशी ताडून पाहताना मांडणी आधी विचारून घ्या.

सोलचा बुरूज वर यायला क्षणभर लागतो आणि तोवर जमीन सरकत असते. पहिला बॉम्ब फुटताच विमान किंचित मागे घ्या, म्हणजे खूण बुरुजाबरोबर खाली येईल. न हलता दुसरा बॉम्ब सोडला तर तो बुरुजाच्या पुढे पडतो. ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे की ‘सोल निघतो पण फुटत नाही’. कारण नेमकं हेच.

सोलशिवाय खास झेंडाही पुरलेला असतो. तो नामकोच्याच ‘रॅली-एक्स’मधून आलेला. बॉम्बने उघडा करायचा आणि विमान त्याच्यावरून न्यायचं, जादा विमान मिळतं. एका ठरावीक बिंदूवर बॉम्ब टाकून तो हमखास मिळेल असं धरू नका. त्या भागात आडवं सरकत बॉम्ब पेरत जावं लागतं. इंटरनेट नसलेल्या काळात जपानी पोरांनी ही सगळी ठिकाणं एकमेकांना सांगत, हाताने नकाशे काढत जमवली. एक कोटी गुणांपर्यंत कसं जायचं याची हौशी खेळाडूंनी छापलेली पुस्तिकाही तेव्हा हातोहात फिरली. हा गेम म्हणजे पाया असं म्हणणाऱ्यांच्या मनात हेच असतं. गोळ्या मारण्याच्या गेममध्ये शोधायला एक जमीन असू शकते, हे तिथे पहिल्यांदा इतक्या ताकदीने दिसलं.

हत्यार वाढत नाही या तक्रारीला माझं उत्तर असं: वाढत नाही म्हणूनच तो न्यायाने वागतो. १९८५च्या ‘ग्रेडियस’मध्ये जमवलेली सगळी शक्ती एका मरणात जाते, आणि पुढच्या टप्प्यांत ती गेली की सावरणं महाकठीण. झेव्हियसमध्ये शेवटच्या विमानालाही पहिल्याइतकंच बळ असतं, आणि मेल्यावर शत्रू नरम होतात. सावरता येतं. तरी ज्यांना लाल-निळ्या खुणा गोळा करत हत्यार फुलवायला आवडतं, त्यांनी सरळ १९९०चा ‘रायडेन’ खेळावा. त्यांना तोच जास्त रुचेल आणि त्यात काही कमीपणा नाही. संगीत एकसुरी आहे हेही मान्य, छोटीशी धून अखंड फिरत राहते. आवाज मात्र बंद करू नका, कारण बाकुरावर टण्णकन वाजणारी गोळी आणि जादा विमानाची धून नजर दुसरीकडे असतानाही खबर देतात.

महाराष्ट्रात अनेकांची या गेमची ओळख आर्केडमध्ये झालेली नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटमधून झाली. ती आवृत्ती म्हणजे १९८४मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी काढलेला झेव्हियस. त्या काळच्या घरगुती यंत्राच्या मानाने तो उत्तम उतरवला आहे, पण मूळ गेमबद्दल त्यावरून मत बनवू नये. आर्केडचा पडदा उभा, २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. फॅमिकॉमचा आडवा, २५६ बाय २४०. उंची कमी झाली म्हणजे वरून येणारं सगळं उशिरा दिसतं आणि विचार करायचा वेळ घटतो. अँडॉर जेनेसिस तिथे हलतसुद्धा नाही, पार्श्वभूमीवर काढलेल्या चित्रासारखं समोर येतं. मूळ यंत्रातल्या करड्या रंगाच्या बारीक छटा, ज्यांमुळे शत्रू धातूचे वाटतात, त्याही तिथे पुरेशा उतरत नाहीत. त्या यंत्रांच्या रिमोटवर टर्बो बटणं असायची. झॅपरला टर्बो लावला तर अंगठा वाचतो. बॉम्बला लावून काही मिळत नाही, कारण हवेत एका वेळी एकच बॉम्ब राहतो आणि उलट चुकीच्या क्षणी सुटतो.

आज खेळायचा तर आर्केड आवृत्तीच घ्या. स्विच आणि पीएस ४वर ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेत ती मिळते. पडदा उभा करता आला तर जरूर करा. नेहमीच्या १६:९ टीव्हीवर हे उभं चित्र रुंदीच्या जेमतेम ४२ टक्के जागेत बसतं. तोच पडदा आडवा न ठेवता उभा केला तर चित्राचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं, आणि करड्या जमिनीवरच्या लहान गोळ्या दिसायला लागतात. ‘गोळी दिसलीच नाही’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर चित्रावर संस्कार करण्यात टीव्ही वेळ घेतो आणि नेमाची खूण लाल झालेली तुम्हाला उशिरा दिसते. या गेममध्ये तो उशीर थेट बॉम्बच्या नेमावर येतो. चित्राची उजळता कमी असेल तर थोडी वाढवा, काळा गारू झाकातो गडद जमिनीवर हरवतो. जॉयस्टिक असेल तर उत्तम. पॅडवर खेळत असाल तर अंगठा दोन्ही बटणांवर आडवा टेकवून ठेवा: झॅपर चालू राहतो आणि अंगठा नुसता कलता केला की बॉम्ब सुटतो.

सरावासाठी पहिले आठदहा डाव गुणांकडे न बघता खेळा आणि प्रत्येक डावात एकच काम करा. आधी फक्त खूण लाल झाल्यावरच बॉम्ब सोडायची सवय. मग विमान वर नेऊन डेरोटा लवकर फोडणं. मग झोल्बाक एकही न सोडणं. चौथ्या टप्प्यातलं जहाज सलग तीन डावांत एका बॉम्बने पडायला लागलं की सोल शोधायला निघा. त्याआधी सोलच्या मागे लागलात तर नजर सारखी जमिनीवर राहते आणि हवेतून येणारा साधा टॉर्कन तुम्हाला मारतो.